न तपासता दिलेलं औषध : जंतांच्या उपचारांचा इतिहास आणि एका मुलीचा प्रश्न

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला आणि मला दोघा-तिघांचे फोन आले. "सर, आयुष्यभर कांट शिकवलात आणि आता जंत?" मी म्हटलं, हो, जंतच. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानातला. त्या डॉक्टरेटचा औषध लिहून द्यायला काडीचाही उपयोग नाही. तेव्हा नातवंडांना कोणती गोळी द्यावी हे व्याख्यानानंतर मला विचारू नका. मी इतिहास सांगणार आहे. त्या इतिहासातून जो प्रश्न उभा राहतो तो मात्र माझ्या प्रांतातला आहे.

खरं तर प्रश्न माझा नाही, माझ्या नातीचा आहे. ती चौथीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेतून एक चिठ्ठी घेऊन आली : अमुक दिवशी राष्ट्रीय जंतनाशक दिन आहे, मुलांना शाळेत गोळी दिली जाईल, घरून जेवून पाठवावं. तिनं मला विचारलं, "आजोबा, माझ्या पोटात जंत आहेत का?" मी म्हटलं, "माहीत नाही बाळ." "बाईंना माहीत आहे?" "त्यांनाही नसणार." "मग मला औषध कशाला?"

आता पाहा, चाळीस वर्षं मी वर्गात नीतिशास्त्र शिकवलं. पण इतक्या थोड्या शब्दांत इतका नेमका प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आजारी माणूस वैद्याकडे जातो, वैद्य तपासतो, औषध देतो, हा आपल्या मनातला औषधोपचाराचा नमुना आहे. इथे आजारी माणूस गेलेला नाही, तपासणी झालेली नाही, तरी औषध आलं आहे. हे योग्य आहे का? आणि योग्य असेल तर कोणत्या अटींवर?

आमच्या लहानपणी हा प्रश्न आला नाही, कारण विचारण्याची सोय नव्हती. मूल झोपेत दात खायला लागलं, नाक खाजवायला लागलं, खाऊनही अंगी लागेना, की आई निदान करून मोकळी : जंत झालेत. रात्री वावडिंगाची पूड गुळातून, आणि सकाळी उपाशीपोटी एरंडेल. नाक दाबून, वर कोऱ्या चहाचा घोट. ते तेल ज्यांनी घेतलंय त्यांचे चेहरे मला इथूनही ओळखू येतात!

त्या एरंडेलामागे जुनं शास्त्र होतं. वावडिंग म्हणजे संस्कृतातलं विडंग. चरकसंहितेत कृमिनाशक द्रव्यांमध्ये त्याला श्रेष्ठ मानलेलं आहे. पळसपापडीही त्याच कामाची. युरोपातही असंच होतं. किरमाणी ओव्याच्या जातीतल्या वनस्पतींच्या कळ्यांपासून १८३० साली सँटोनिन नावाचं द्रव्य वेगळं काढण्यात आलं, आणि पुढची शंभर वर्षं ते गोल जंतांवरचं नावाजलेलं औषध होतं. त्याचा एक विचित्र परिणाम असा की घेणाऱ्याला काही काळ सगळं पिवळं दिसे. या औषधानं जंत मरत नसे, त्याला लुळेपणा येई आणि त्याची पकड सुटे. मग रेचक देऊन त्याला बाहेर काढायचा. आधी पकड सोडवायची, मग झाडून काढायचं, ही रीत मराठी आईलाही ठाऊक होती आणि पॅरिसच्या औषधविक्यालाही.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचंय. आईनंही तपासणी केलेली नसायची. पण एरंडेल पाजून ती निघून जात नसे. दिवसभर पोट दुखलं, चक्कर आली, तर उशाशी तीच असे.

आता मोठ्या प्रमाणावरच्या उपचारांकडे येऊ. त्याची सुरुवात अंकुशकृमीपासून होते. हा कृमी लहान आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन रक्त पितो. १८८०च्या सुमाराला आल्प्समधल्या सेंट गॉटहार्ड बोगद्याच्या कामावरचे मजूर पांढरेफटक पडायला लागले, तेव्हा युरोपचं त्याच्याकडे लक्ष गेलं. पुढे आर्थर लूस या शास्त्रज्ञाच्या हातावर कैरोमध्ये चुकून अळ्यांचं पाणी सांडलं. त्वचेची आग झाली आणि काही काळानं त्याच्या स्वतःच्याच विष्ठेत अंडी सापडली. म्हणजे हा कृमी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो. शेतात शौचाला बसणं आणि शेतात अनवाणी चालणं, एवढं त्याला पुरतं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत या कृमीनं लाखो गरीब माणसं निस्तेज केली होती. लोक त्यांना आळशी म्हणत. १९०९ साली जॉन रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर देऊन तिथे एक मोहीम सुरू केली. गावोगावी तंबू पडले, लोक डबीत विष्ठेचा नमुना घेऊन यायचे, सूक्ष्मदर्शकाखाली तो तपासला जायचा, आणि अंडी सापडली तरच औषध मिळायचं. औषध कोणतं? थायमॉल. आणि त्या काळी थायमॉल मुख्यतः कशापासून काढत? ओव्यापासून! आपल्या डब्यातल्या ओव्यापासून. पहिल्या महायुद्धाच्या आधी भारतातला ओवा बोटीनं जर्मनीला जाई, तिथे त्याचं थायमॉल होई आणि जगभर विकलं जाई. अर्थात ओवा चघळणं वेगळं आणि थायमॉलची मात्रा वेगळी. मात्रा जास्त झाली, किंवा सोबत दारू किंवा तेलकट काही पोटात गेलं, तर ते अंगात भिनून विषबाधा व्हायची. म्हणून उपवास, मग औषध, मग जुलाबाचं मीठ, असा दिवसभराचा सोहळा असे.

हे महाग पडायचं आणि वेळखाऊही होतं. तेवढ्यात १९२१ साली मॉरिस हॉल यांनी नवं औषध सुचवलं : कार्बन टेट्राक्लोराइड. हॉल अमेरिकेच्या कृषिखात्यातले, जनावरांच्या कृमींचे अभ्यासक. त्यांनी ते कुत्र्यांना दिलं, नंतर स्वतः तीन घनसेंटीमीटर प्यायले, आणि काही झालं नाही म्हणून माणसांसाठी सुचवलं. या द्रव्यानं कपड्यांवरचे डाग काढत आणि आगही विझवत. स्वस्त, एकाच मात्रेत काम. मग ते पॅसिफिकमधल्या बेटांपासून सिलोनपर्यंत, मळ्यांवरच्या मजुरांना मोठ्या संख्येनं पाजण्यात आलं. मजुरांचं रक्त वाढलं, हे खरं. पण ते यकृताचं विष होतं. काही लोक दगावले. दारू पिणाऱ्यांना तर धोका फारच मोठा. चार वर्षांत, १९२५ साली, हॉल यांनी स्वतःच एका सहकाऱ्याबरोबर त्याहून सौम्य पर्याय शोधला, आणि पुढची काही दशकं तोच चालला.

इथे थोडं थांबतो. हॉल यांनी आधी स्वतः औषध घेतलं. ही मोठी प्रामाणिक कृती आहे, आपल्याला आवडते. पण तर्काच्या दृष्टीनं पाहा. एक धडधाकट, पोटभर जेवणारा, शिकलेला गोरा माणूस प्यायला आणि वाचला. त्यावरून हाडं निघालेल्या मजुराबद्दल काय सिद्ध होतं? न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर दृष्टान्त चुकीचा निवडला. इथे धैर्य होतं. ज्याला औषध द्यायचं त्याची माहिती मात्र नव्हती.

आता मी तुम्हाला इजिप्तला नेतो, कारण या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा धडा तिथे आहे.

नाईलच्या काठावरच्या शेतकऱ्याला हजारो वर्षं एक रोग होता : लघवीतून रक्त जाणं. १९१० साली रफर नावाच्या संशोधकाला तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत या कृमीची अंडी सापडली. कृमीचा शोध लावला तो थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरानं, कैरोमध्ये, १८५१ साली. म्हणून रोगाचं नाव बिल्हार्झिया. हा कृमी आतड्यात राहत नाही, मूत्राशयाभोवतीच्या किंवा आतड्याभोवतीच्या शिरांमध्ये नर-मादी जोडीनं राहतो, तेही वर्षानुवर्षं. त्याच्या अळ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमध्ये वाढतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत जातात. नाईलवर बंधारे झाले, कालव्यांना बारमाही पाणी आलं, शेतकऱ्याची पिकं वाढली आणि त्याबरोबर गोगलगायीही. पाण्यात उभं राहिल्याशिवाय शेती नाही, आणि पाण्यात उतरलं की रोग. पुढे मूत्राशयाचा कर्करोगसुद्धा.

रक्तातल्या कृमीला एरंडेलानं कसं काढणार? १९१८ साली खार्टूममध्ये ख्रिस्टोफरसन या डॉक्टरानं टार्टर इमेटिकची इंजेक्शनं देऊन रोग बरा होतो हे दाखवलं. टार्टर इमेटिक हा अँटिमनीचा क्षार. आपला सुरमा ज्या धातूपासून होतो, तो धातू. नावाचाच अर्थ ओकारी आणणारं. ते हृदयावर परिणाम करतं, खोकला आणि उलट्या होतात. मग ते चालतं कसं? नंतर, १९५०च्या दशकात, कळलं की कृमीला साखरेतून ऊर्जा मिळवून देणारं एक विकर अँटिमनीनं अडतं, आणि कृमीचं ते विकर माणसाच्या विकरापेक्षा कितीतरी जास्त हळवं असतं. म्हणजे विष दोघांनाही, पण आधी पडतो कृमी. जवळजवळ सगळी जुनी जंतांची औषधं अशा फटीतून चालत आली आहेत. फट किती रुंद आहे, यावर ते औषध की विष हे ठरतं.

हे इंजेक्शन शिरेतून, हळूहळू, एका माणसाला साधारण बारा ते सोळा वेळा द्यावं लागे. १९५०च्या दशकापासून इजिप्तच्या सरकारनं मोठी मोहीम काढली. देश नवा स्वतंत्र, सरकारला खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी काही करून दाखवायचं होतं. हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. लाखो लोकांना इंजेक्शनं दिली गेली, आणि हे १९८०च्या दशकापर्यंत चाललं. सिरिंज काचेच्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या. १९६४ साली एका पाहुण्या डॉक्टरानं अशा दवाखान्याचं वर्णन केलं आहे : तासाभराच्या आत पाचेकशे बाया, माणसं, मुलं टोचून मोकळी. वापरलेली सुई नुसती धुवायची, मिनिट-दोन मिनिटं उकळायची, की परत पुढच्या दंडात. त्या पाहुण्यानं हे कौतुकानं लिहिलं होतं, बरं का. किती कसबी डॉक्टर, किती चपळ हात!

बिल्हार्झिया कमी झाला. पण एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात आणखी काहीतरी गेलं. हिपॅटायटिस सी. या विषाणूची ओळख पटली १९८९ साली. तो आत शिरला की वीस-तीस वर्षं गप्प बसतो आणि मग यकृत निकामी करतो. इजिप्तमध्ये या विषाणूचं प्रमाण जगात सर्वांत जास्त का, हे कोडं होतं. २००० साली लॅन्सेटमध्ये एक अभ्यास आला. ज्या भागांत आणि ज्या वयोगटांत अँटिमनीची इंजेक्शनं जास्त झाली होती, तिथेच हा विषाणू जास्त होता. २००८च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या माणसांपैकी साधारण दर सातांतल्या एकाच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्या. उपचारांतूनच रोग पसरल्याचं एवढं मोठं उदाहरण जगात क्वचितच असेल.

आता दोष कुणाचा? सोपं उत्तर असं की विषाणू माहीतच नव्हता, म्हणून दोष कुणाचाच नाही. हे अर्धं खरं आहे. हिपॅटायटिस सी माहीत नव्हता. पण दूषित सुईतून कावीळ पसरते हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून डॉक्टरांना माहीत होतं. म्हणजे अज्ञान संपूर्ण नव्हतं. मला महत्त्वाचं वाटतं ते निराळंच. त्या मोहिमेत मोजमाप होत होतं. किती माणसं टोचली, किती जणांच्या लघवीतली अंडी गेली. मोजलं जात नव्हतं ते हे की टोचलेल्या माणसांचं पुढे काय झालं. मोहिमेला कृमी दिसत होता, त्या कृमीभोवतीचा माणूस दिसत नव्हता. कांट म्हणतो की माणसाला निव्वळ साधन म्हणून वागवू नये. विद्यार्थी विचारायचे, सर, उपचार करताना माणूस साधन कसा होईल, तो तर साध्यच आहे ना? माझं आताचं उत्तर हे आहे. उपचाराचा आकडा हे साध्य झालं, की दंड पुढे करणारा माणूस साधन होतो, आणि हे हेतू चांगला असतानाही होतं.

पण इजिप्तची गोष्ट इथे सोडली तर अन्याय होईल. २०१८-१९मध्ये त्या देशानं सात महिन्यांत सुमारे पाच कोटी प्रौढांची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी केली आणि सापडलेल्यांना देशातच तयार केलेल्या स्वस्त गोळ्या फुकट दिल्या. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामाला सुवर्णश्रेणी दिली. आधीच्या पिढीचं देणं पुढच्या पिढीनं फेडायला घेतलं.

सुई सुटली कशामुळे? १९७०च्या दशकात जर्मनीतल्या दोन कंपन्यांनी प्राझिक्वांटेल शोधलं, त्यामुळे. पोटातून घ्यायची गोळी, बहुधा एका दिवसाचं काम. कृमीच्या स्नायूंत कॅल्शियम एकदम घुसतं, स्नायू आखडतात, शिरेच्या भिंतीवरची पकड सुटते. पुन्हा तेच, पकड सोडवणं! फरक इतकाच की औषध आणि विष यांच्यातली फट आता खूप रुंद झाली.

या नव्या औषधांबद्दल एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. त्यांतली बरीचशी आली गोठ्यातून. शाळेत वाटली जाणारी अल्बेंडॅझोल आधी मेंढ्यांसाठी तयार झाली. आफ्रिकेतल्या नदीकाठच्या अंधत्वावर वापरली जाणारी आयव्हरमेक्टिनही आधी जनावरांचं औषध. जपानच्या सातोशी ओमुरा यांनी मातीतून मिळवलेला एक जीवाणू अमेरिकेतल्या विल्यम कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि त्यातून ती निघाली; २०१५ साली दोघांना नोबेल मिळालं. असं का झालं? कारण उघड आहे. मेंढीचा मालक पैसे मोजतो. ज्याच्या मुलाच्या पोटात जंत आहेत त्याच्याकडे मोजायला पैसे नसतात. १९८७ साली कंपनीनं आयव्हरमेक्टिन नदीकाठच्या अंधत्वासाठी लागेल तितकी फुकट द्यायचं ठरवलं. चांगलंच केलं. पण जगातल्या गरिबांचं औषध मेंढीच्या वाटेनं आणि दानाच्या वाटेनं यावं, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

आपल्या देशाचं म्हणाल तर एक नाव घ्यायलाच हवं, येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचे, १८९५चा जन्म. अमेरिकेतल्या लेडरली प्रयोगशाळेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४७ साली हत्तीरोगावरचं डीईसी हे औषध पुढे आलं. त्यात तातडी आली ती पॅसिफिकमधल्या युद्धात अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाची लागण झाल्यामुळे. पण उपयोग सर्वांत जास्त झाला भारतात. १९५५ साली आपला राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे, आरोग्यसेविका आणि आशाताई घरोघर जाऊन समोर उभं राहून गोळ्या खाऊ घालतात.

इथे एक पेच आहे. गोळी घेतल्यावर काहींना ताप येतो, अंग दुखतं. कुणाला? ज्यांच्या रक्तात हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी असतात त्यांनाच जास्त, कारण ते मरताना शरीर खवळतं. म्हणजे कालपर्यंत स्वतःला धडधाकट समजणारा माणूस गोळी घेतो आणि आजारी पडतो. तो ताप म्हणजे रोग आत होता याचा पुरावा. पण त्या माणसाच्या दृष्टीनं गोळीनं आजारी पाडल्याचा पुरावा! एकच वस्तुस्थिती, दोन उलट अनुमानं. ताप येण्यापूर्वी हे समजावून सांगितलं, तर तो म्हणतो, ताई बोलल्या होत्या तसंच झालं. नंतर सांगितलं, तर ती सारवासारव वाटते. पुढच्या वर्षी तो गोळी ताईंसमोर तोंडात ठेवतो आणि त्या गेल्यावर थुंकून टाकतो.

आता नातीच्या गोळीकडे येऊ. भारतात हा जंतनाशक दिन फेब्रुवारी २०१५मध्ये सुरू झाला. वय १ ते १९, अल्बेंडॅझोलची चघळायची गोळी, लहानग्यांना अर्धी. ही गोळी जंताच्या पेशीतल्या आतल्या सांगाड्याला धरते. त्याला साखर शोषता येत नाही आणि तो उपासमारीनं जातो. आपल्या आतड्यातून ती फारशी शोषली जात नाही, म्हणून ती बरीच सुरक्षित. आधी तपासत का नाहीत? कारण गोळीपेक्षा तपासणीचा खर्च कितीतरी जास्त, आणि थोडे जंत असले तर ते सूक्ष्मदर्शकालाही चुकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, एखाद्या भागात शंभरांतल्या वीस किंवा जास्त मुलांना जंत असतील तर सगळ्यांनाच द्या. पर्वतावर धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, असं न्यायशास्त्र सांगतं. इथे शंभर पर्वतांपैकी वीसांवर आग आहे एवढंच माहीत आहे, धूर कुणी पाहिला नाही, आणि पाणी मात्र शंभरांवर टाकायचं आहे. पाणी स्वस्त आणि निरुपद्रवी असेल तर हे शहाणपणाचं ठरतं.

पण उपयोग किती? ज्याला भरपूर जंत आहेत त्या मुलाला फायदा होतो, यावर वाद नाही. वाद आहे तो सरसकट गोळीच्या फायद्याचा. केनियातल्या ७५ शाळांमधल्या प्रयोगावरून मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी २००४ साली दाखवलं की गोळ्यांमुळे शाळेतली गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्यानं घटली. पुढे २०१५मध्ये इतर संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, काही हिशेब चुकल्याचं दाखवलं, आणि जोरदार खडाजंगी झाली. इकडे आपल्या उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर पाच वर्षं चाललेला अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी एकदा गोळी देऊनही वजनात आणि बालमृत्यूंत जवळजवळ फरक दिसला नाही. मात्र त्या भागात जंतांचं प्रमाणही फार नव्हतं. मला यातलं काय आवडतं सांगू? भांडण आवडतं. इजिप्तमध्ये पन्नास-साठ वर्षांपूर्वी असं कुणी भांडलं असतं, औषध दिलेल्या माणसांचं पुढे काय झालं ते हिशेबानं मांडा म्हणून अडून बसलं असतं, तर किती यकृतं वाचली असती!

आणि शेवटी नारू. मराठवाड्यातल्या ज्या खेड्यात मी वाढलो तिथे आमच्या शेजारच्या काकांच्या पायातून नारू निघताना मी पाहिलाय. पांढरा दोऱ्यासारखा, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर ओढायचा. तुटला की पाय सुजून माणूस महिना-महिना अंथरुणात. या नारूवर औषध नव्हतं, आजही नाही. लसही नाही. तरी तो आपल्या देशातून गेला. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात, आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. कशानं गेला? पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणं बंद झालं, हातपंप आले, पाणी फडक्यानं गाळलं गेलं, आणि गावोगाव हिंडून प्रत्येक रुग्णाची नोंद झाली. ज्या कृमीवर औषधच नव्हतं तो गेला. ज्यांच्यावर उत्तम औषधं आहेत ते मुलांच्या पोटात परत परत येतात, कारण गोळी जंत काढते, पण पायाखालची माती तशीच असते. याचा अर्थ गोळी नको असा नाही. गोळी दिली म्हणजे संडासाचं आणि पाण्याचं काम टाळायला मोकळीक मिळाली, असं कुणी समजू नये, इतकाच अर्थ आहे.

मग अटी कोणत्या? माझ्या मते तीन. एक, औषध आणि विष यांच्यातली फट खरोखर रुंद असावी, आणि ती औषध पाजणाऱ्याच्या नव्हे तर ज्याला पाजायचं त्याच्या शरीरावर ठरवावी. दोन, आधी सांगावं. लहान मुलालाही सांगता येतं. तीन, देऊन निघून जाऊ नये. जो न मागता औषध देतो त्याच्यावर मागून दिलेल्या औषधापेक्षा जास्त जबाबदारी येते. एरंडेल पाजणारी आई ही तिसरी अट न शिकता पाळत होती.

नातीला मी काय सांगितलं? सांगितलं की तुला जंत आहेत की नाहीत हे कुणालाच माहीत नाही. तुझ्या शाळेत काही मुलांना असतील. गोळीनं बहुधा काही त्रास होणार नाही, झालाच तर थोडी मळमळ. आणि सगळ्यांनी घेतली तर अंगणातल्या मातीत अंडी कमी पडतील. तिनं विचार केला आणि म्हणाली, "ठीक आहे, घेते." घेऊन आली. त्या रात्री जेवताना तिनं विचारलं, "आजोबा, आता बाई परत विचारणार का, मला काय झालं ते?"

मला उत्तर देता आलं नाही. तिला कुणी विचारलंही नाही. तुमच्यापैकी जे शाळांत, अंगणवाड्यांत, आरोग्य केंद्रांत काम करतात, त्यांच्याकडे मी तो प्रश्न सोपवतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.